खण नंबर सात

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खालच्या बागेतून टक् टक् ऐकू यायचं. मोजून तेरा वेळा. तेराव्या टकटकीनंतर मोठ्याने आवाज यायचा, "ओके!" तो ओके ऐकला की मी डब्याची पहिली पोळी तव्यावर टाकायचे, कारण त्यानंतर बरोबर पस्तीस मिनिटांनी मला शाळेच्या ऑफिसला निघायचं असे. आता मोबाइलवर गजर लावते. त्याला त्या ओकेची सर नाही.

टकटक करणारे नाना डेर्ले, आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. आणि ज्याच्या पाठीवर टकटक व्हायची तो बटू, त्यांचं कासव.

नाना मूळचे सायखेड्याचे. सातपूरच्या एका कारखान्यात आयुष्यभर चेकर होते. म्हणजे यंत्रावरून उतरलेला प्रत्येक नग यांच्या हाताखालून जायचा आणि पास की रिजेक्ट ते नाना ठरवायचे. चरित्र एवढंच पुरे. ते रिटायर झाले, पण त्यांच्या खिशातल्या तीन वस्तू रिटायर झाल्या नाहीत: सहा इंची स्टीलची पट्टी, छोटी बॅटरी आणि लाल मार्कर. खराब नगावर लाल ठिपका द्यायचा ही त्यांच्या खात्याची रीत. एकदा ठिपका पडला की मालक आला तरी तो नग पुढे सरकत नसे. "माझा ठिपका म्हंजे ठिपका," हे वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की सोसायटीतली मुलं कॅरम खेळताना म्हणायची.

दुसरी सवय ठोकून बघण्याची. ओतीव लोखंडाच्या आत पोकळी राहिली तर वरून दिसत नाही, पण ठोकलं की आवाज बंद येतो. त्यामुळे नाना सगळंच ठोकून बघत. नारळ, माठ, दार, भिंत. सोसायटीची नवी पाण्याची टाकी झाली तेव्हा कंत्राटदार पेढे घेऊन आला होता. नानांनी एक पेढा तोंडात टाकला, टाकीभोवती ठोकत एक चक्कर मारली आणि खाऊन होईस्तोवर चार ठिकाणी लाल ठिपके देऊन टाकले. कंत्राटदार चिडला. प्लॅस्टर फोडलं तर चारही ठिकाणी पोकळ! उरलेले पेढे तो परत घेऊन गेला.

असा माणूस कासवाच्या वाट्याला आला.

बटू पुण्याहून आला, भाजीच्या क्रेटमध्ये बसून. नानांची मुलगी पल्लवी तिकडे सातव्या मजल्यावर राहते. तिने हौसेने हे आफ्रिकन जातीचं कासव आणलं तेव्हा ते वाटीएवढं होतं. नाव ठेवलं पोटॅटो. बघता बघता वाटीचा कुकर झाला, आणि पुढे कुकरची परात आणि परातीचं टेबल होणार आहे हे तिला मग कळलं. नानांच्या बायकोने, शोभाताईंनी, पोटॅटोचा बटाटा केला आणि बटाट्याचा बटू.

मी सोसायटीची सेक्रेटरी. "आता काय मगरी पण पाळणार का?" अशी तोंडी तक्रार पहिल्याच संध्याकाळी आली, म्हणून वही घेऊन खाली गेले. मी काही विचारायच्या आत नानांनी प्लॅस्टिकची फाइल पुढे केली.

"आपल्याकडचं ते चांदण्यांचं कासव घरात ठेवायला बंदी हाय, सेक्रेटरीबाई. हे परदेशी, आणि ह्याची वनखात्यात नोंद हाय. ही झेरॉक्स. तुमच्या फाइलला लावा."

न मागता झेरॉक्स देणारा सभासद! मी तिथल्या तिथे वहीत 'बटू' नावाचं वेगळं पान उघडलं. मग कौतुकाने म्हणाले, "कवच चांगलंच खडबडीत आहे की हो."

"कवच म्हणू नका."

"मग?"

"पाठ म्हणा. कवच काढून खुंटीला टांगता येतं. ही पाठ हाय. आतून ह्याचा कणा तिला चिकटलाय, बरगड्या चिकटल्यात. बोट लावा. हळू. बघा, त्याला कळतं."

मी बोट टेकवलं. बटूने मागचा पाय आखडला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अंगावर काटा आला माझ्या. इतकी वर्षं मी कासव म्हणजे दगडाखाली राहणारा प्राणी समजत होते! रात्रीपर्यंत सगळ्या सोसायटीला निरोप गेला होता: कवच म्हणायचं नाही, पाठ म्हणायचं.

त्या पाठीवर तेरा मोठे तुकडे. नाना त्यांना खण म्हणत, कपाटाला असतात तसे. आलेखाच्या कागदावर त्यांनी आकृती काढली आणि नंबर घातले. मधली ओळ मानेपासून शेपटीपर्यंत एक ते पाच, डावीकडचे सहा ते नऊ, उजवीकडचे दहा ते तेरा. प्रत्येक खण उपड्या वाटीसारखा वर आलेला. पुण्यात बटू दुधात भिजवलेला पाव, काकडी आणि टोमॅटो खायचा, आणि त्या गॅलरीत ऊन येत नसे. नाशिक रोडला जनावरांच्या एक तरुण डॉक्टरबाई आहेत, त्यांनी बटूला टेबलावर ठेवून सगळं समजावलं.

"हे उंचवटे आता बसायचे नाहीत, काका. पण नवीन वाढ सपाट येऊ शकते. दोन खणांच्या मधे फिकट रेघ दिसायला लागली की समजा, नवीन यायला लागलं."

नाना खूश झाले. बाहेर पडताना म्हणाले, "कळलं. झालेला माल झाला. पुढची बॅच सुधारायची."

आणि मग जी धांदल सुरू झाली ती काय सांगू! सकाळचं ऊन अंगावर, पण पलीकडे सावली हवीच, म्हणून बागेत अर्ध्या भागावर गोणपाटाचा मांडव. पायाखाली माती, फरशी नाही. एक दिवसाआड कोमट पाण्याच्या परातीत पंधरा मिनिटं बसवायचं. मग जुन्या मऊ टूथब्रशने खणांच्या फटीतली माती काढायची, साबण नाही, काही नाही, आणि कोरडं पुसायचं. दर रविवारी लांबी मोजायची आणि भाजीच्या काट्यावर वजन. खायला मुख्यतः हरळी, शिवाय जास्वंदीची पानं, शेवग्याचा पाला, काटे काढलेला निवडुंग. हे सगळं मी तक्त्यात बसवून दिलं आणि फ्रिजवर लावलं. नाना तक्त्यावर रोज सही करत.

पाठ म्हणजे हाड, आणि हाडाला चुना लागतो. डॉक्टरबाईंनी माकूळ माशाच्या आतलं पांढरं हाड सुचवलं. आपल्याकडे त्याला समुद्रफेस म्हणतात हे नानांना शोभाताईंनी सांगितलं. नाना भद्रकालीत काष्ठौषधींच्या दुकानात गेले, मीही माझा ओवा आणि सुंठ घ्यायला सोबत होते. समुद्रफेस कानाच्या औषधात वापरतात, त्यामुळे दुकानदाराने पुडी बांधता बांधता काळजीने विचारलं, "कान फुटलाय का कोणाचा?"

"नाय. पाठ."

दुकानदाराने पुडी बांधायची थांबवली. पुढची वीस मिनिटं नानांनी त्याला, त्याच्या गड्याला आणि तीन गिऱ्हाइकांना बटू समजावून सांगितला. मी तोवर ओवा निवडून घेतला.

द्राक्षांच्या हंगामात मोठी लढाई झाली. नाशकात त्या दिवसांत कोणी कोणाकडे रिकाम्या हाताने जात नाही. प्रत्येकाचा कोणीतरी मामा नाही तर साडू बागायतदार असतोच. जो येईल तो द्राक्षांचा घड घेऊन आणि त्यातले चार मणी बटूपुढे धरून. गोडाने ह्या जातीच्या कासवाचं पोट बिघडतं. नाना फाटकाशी खुर्ची टाकूनच बसायला लागले.

दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुख आजी म्हणाल्या, "अरे, दोन मण्यांनी काय होतंय त्याला?"

"आजी, तुम्ही नातवाला जेवणाच्या ऐवजी पेढा देता का?"

"देवाला तर देतो!"

"मग देवालाच द्या. हे कासव हाय."

आजी म्हणाल्या, "कासव देवच असतं. देवळात जात नाहीस, म्हणून तुला माहीत नाही." द्राक्षांचा सामना नाना जिंकले. हे दुसरं वाक्य मात्र त्यांनी ऐकून सोडून दिलं.

पावसाळा संपता संपता एका शुक्रवारी नानांना खण सातच्या कडेला बारीक चीर दिसली. बटू मांडवाच्या बांबूला घासायचा, त्याने झाली असावी. नानांनी ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. आवाज ठीक होता. तरी म्हणाले, "संशयित. लक्ष ठेवायला पायजे." आणि हाताच्या सवयीने खिशातून मार्कर निघाला. चिरेच्या शेजारी एक लाल ठिपका. मी वहीत नोंद केली, वार-तारखेसकट. काही विशेष वाटलं नाही. नाना आणि ठिपका, रोजचंच.

त्यानंतरचा सोमवार. देशमुख आजी देवळातून परत येत होत्या. महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असतं, आत जाताना आपण त्याला हळदकुंकू वाहतो, हे सांगायला नको. आजींनी फाटकातून पाहिलं तर बटू उन्हात स्थिर बसलेला, पाठीवर ठसठशीत लाल टिळा. त्यांच्या ताम्हणात कुंकू उरलं होतंच. त्यांनी वाकून, अगदी भक्तिभावाने, त्याच खणावर वाहिलं.

पुढच्या सोमवारी तीन बायका होत्या. त्याच्या पुढच्या सोमवारी शेजारच्या सोसायटीतल्याही. नाना ओला टूथब्रश घेऊन मागून पुसत आणि कुरकुरत.

"आजी, त्याला त्रास होतो हो."

"कूर्मावतार आहे तो. अख्खी पृथ्वी पेलली पाठीवर, हे चिमूटभर कुंकू नाही पेलणार?"

नाना पुन्हा ब्रश ओला करायचे.

मार्गशीर्षात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला गेले, पल्लवीकडे, दोन आठवड्यांसाठी. जाण्यापूर्वी त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं, अशी एकोणीस कलमांची यादी शोभाताईंच्या फ्रिजवर लागली. पाणी किती कोमट, हरळी कुठली तोडायची, संध्याकाळी आत किती वाजता घ्यायचं, सगळं होतं. तेल लावू नये हे कलम नव्हतं. ते लिहावं लागेल असं आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नाही.

शोभाताई एकही कलम चुकल्या नाहीत. शिवाय स्वतःचं एक घातलं. नाशकाची थंडी कोरडी, त्यांच्या टाचा फुटतात, तसा बटूही त्यांना पांढरट, भेगाळलेला दिसायला लागला. त्यांनी घाण्याचं तीळतेल कोमट केलं आणि रोज सकाळी त्याची पाठ चोळायला सुरुवात केली. काय चकाकला! येणारी-जाणारी थांबून बघायची. मार्गशीर्षातले गुरुवार, घराघरात हळदीकुंकू, बायका बटूकडेही येऊन जात. तेलावर हळदकुंकू छान बसतं. शोभाताईंना वाटलं, कधी नव्हे ते नाना परत येऊन "ओके" म्हणतील, आपल्या कामाला.

नाना आले एका बुधवारी सकाळी, काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, म्हणून शोभाताईंनी बटूला स्टुलावर ठेवलं. मी वर तवा चढवला होता. टक्, टक्, टक्, टक्, टक्, टक्.

ठप्.

पुढे काहीच नाही. ओके नाही. मी गॅस बंद केला आणि वही उचलून खाली धावले.

नाना सातव्या खणाला नाक लावून उभे होते. तेल, हळद, कुंकू आणि माती यांचा थर चिरेत शिरला होता. खणाची कड उचलली गेली होती, खाली भिजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं मऊ लागत होतं, आणि वास येत होता.

"तेल?" नाना ओरडले. "तेल कोणी लावायला सांगितलं?"

"कोणी नाही. तुमच्या पाठीला लावते तेव्हा कुठे कोणाला विचारते?" शोभाताई म्हणाल्या.

"ती गोष्ट वेगळी हाय!"

"का वेगळी? पाठ म्हणा, पाठ म्हणा, साऱ्या गावाला तुम्हीच शिकवलंत ना? कवच म्हणाला असतात तर मी हात लावला नसता. पाठ थंडीत फुटली की माणूस तेल लावतं."

नाना दुसरीकडून आले. "आणि हे कुंकू? घर तुझ्या ताब्यात, फाटक तुझ्या ताब्यात. कारखान्यात असतो तर आख्खी शिफ्ट घरी बसवली असती मी!"

"पहिला टिळा मी नाही लावला."

"मग कोणी लावला?"

शोभाताई माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज लख्ख. "मीना, तुझी वही आण."

वही माझ्या हातातच होती. वाचायचं जिवावर आलं, पण वाचलं. शुक्रवार, खण सात, कडेला चीर, नानांनी लाल ठिपका दिला. सोमवार, देशमुख आजींनी त्याच ठिकाणी कुंकू वाहिलं, 'टिळा दिसला म्हणून' असं म्हणाल्या.

नानांनी काळा चष्मा काढला. काढायचा नव्हता, तरी काढला. पान स्वतः वाचलं. मग घरात गेले आणि एक कोरा कागद घेऊन आले. कारखान्यात नग रिजेक्ट झाला की जसा भरायचे तसा त्यांनी तो उभ्या उभ्या भरला. नग: बटू. दोष: खण ७, कड उचललेली, आत ओल. कारण: लाल ठिपका. जबाबदार: चेकर. खाली सही ठोकली आणि कागद शोभाताईंपुढे धरला.

"सही कर."

"मी कशाला?"

"सुपरवायझरची सही लागती."

शोभाताईंनी पदराने डोळे पुसले, पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली. मग तो कागद फ्रिजवर लागला, माझ्या एकोणीस कलमांच्या वर.

डॉक्टरबाईंनी खराब झालेला भाग खरवडून साफ केला. "हाडात गेलं नसेल तर वाचेल," त्या म्हणाल्या. "गेलं असेल तर ह्या थंडीत अवघड आहे. तीन आठवडे बघू. कोरडं, उबदार, स्वच्छ. आणि काका, ठोकायचं नाही."

आणखी तीन आठवडे आमच्या सोसायटीत टकटक नव्हती. लोकांची कामं चुकायला लागली. मी दोनदा उशिरा पोचले.

बटूसाठी नानांनी प्लायवूडची पेटी केली, आत उबेचा दिवा, तापमान घसरलं की आपोआप लागणारा. बाहेर थंडीने बोटं वाकडी होत होती, पेटीत वैशाख. पण डोळ्यामुळे वाकता येत नव्हतं, म्हणून औषध लावायचं सगळं काम शोभाताईंचं. नाना खुर्चीवर बसून सूचना देत. पहिले दोन दिवस दिल्या.

तिसऱ्या दिवशी शोभाताई म्हणाल्या, "तुम्ही बोललात की माझा हात हलतो." त्यानंतर नाना नुसते कापूस धरून बसत. पातळ औषधाने पुसणं, कोरडं करणं, मलम. पाणी उथळ ताटात, पाय बुडतील एवढंच, पाठीला थेंब लागू द्यायचा नाही. देशमुख आजी रोज खिडकीतून विचारायच्या, "खाल्लं का?" नाही खाल्लं. त्यांनी बटू खाईपर्यंत द्राक्षं सोडली, आणि तेव्हा तर पहिली द्राक्षं नुकती बाजारात येत होती.

आठव्या दिवशीही बटूने हरळीला तोंड लावलं नाही. वजन उतरायला लागलं होतं. नाना रविवारी काट्याकडे बघायचे आणि आकडा न सांगता कागदावर लिहायचे. शोभाताई देवपूजा आटोपून तशाच पेटीपाशी येऊन बसल्या, हातात पूजेचं तबक. तबकात गणपतीसाठी काढलेलं लाल जास्वंद. बटूने मान बाहेर काढली. त्या फुलाकडे पाहिलं. पुढे सरकला, मान उंचावली आणि गणपतीचं फूल गट्टम!

"खाल्लं!" शोभाताई किंचाळल्या. "अहो, खाल्लं! आजी, खाल्लं हो!"

वरून आजींचा आवाज आला, "आता मी पण खाते!"

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाई स्वतः आल्या. अंगठ्याने दाबून पाहिलं, नखाने हलकेच वाजवलं. "घट्ट आहे. हाड शाबूत आहे. इथे खड्डा राहील, पण काका, वाचला." नानांनी बॅटरी काढली आणि ऑपरेशन झालेला डोळा जवळ नेऊन सहा आणि सातच्या फटीत बघत बसले. इतका वेळ बसले की डॉक्टरबाईंचा चहा पिऊन झाला.

"शोभा." मग मोठ्याने, "शोभा! रेघ!"

दोन खणांच्या मधे दोऱ्याएवढी, दुधी, सपाट रेघ. नवीन वाढ! तिकडे पाचच्या कडेलाही. बाराच्याही! नाना नवीन डोळ्याने शोधत होते आणि नंबर ओरडून सांगत होते, मी लिहीत होते, आणि अर्धी सोसायटी जिन्यावरून खाली येत होती. एका कासवाच्या पाठीवरची रेघ बघायला माणसांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत मगरींची तक्रार करणारे गृहस्थही होते.

कुंकवाचा प्रश्न उरला होता. नानांनी तो त्यांच्या पद्धतीने सोडवला. फाउंड्रीतल्या जुन्या दोस्तांकडून ओतीव लोखंडाचं कासव करून आणलं, फाटकाशी बसवायला, म्हणजे बायका त्याला हळदकुंकू वाहतील. आणल्या आणल्या ठोकलं. ठप्. आत पोकळी! खिशातून मार्कर निघाला आणि पाठीवर लाल ठिपका पडलासुद्धा. नाना ते परत पाठवायला निघाले तेव्हा शोभाताईंनी हात धरला.

"राहू द्या. टिळा लावून झालाय, आता कुठे परत पाठवता?"

आणि बटूसाठी काय, हेही त्यांनीच ठरवलं. दूर्वा म्हणजे हरळीच. सोमवारी ज्यांना बटूला काही वाहायचं असेल त्यांनी एकवीस दूर्वांची जुडी आणि औषध न मारलेलं जास्वंद आणायचं, पाठीवर नाही, तोंडापुढे ठेवायचं. देवाने स्वतः खाऊन दाखवलेला नैवेद्य आमच्या सोसायटीने पहिल्यांदाच पाहिला. आजी तर दूर्वा निवडून, धुऊन आणायच्या. नाना फाटकाशी बसून जुड्या मोजून घ्यायचे. बाहेरून हरळी आणणं बंद झालं.

बटू वाढत गेला. नवीन आलेलं सगळं सपाट. जुने उंचवटे मधोमध तसेच, भोवती गुळगुळीत कडा, आणि सातवर अंगठ्याएवढा खळगा. एका हिवाळ्यानंतर तो बागेत मावेना. नानांच्या भावाची सायखेड्याला गोदावरीकाठी जमीन आहे, तिथे कुंपण घालून बटूला घर बांधायचं आणि दोघांनीही तिकडेच राहायला जायचं ठरलं. वनखात्याकडे पत्ता बदलल्याचा कागद नानांनी आधीच करून घेतला, आणि झेरॉक्स मला.

"आमच्या बापाचं आयुष्य रानातली हरळी उपटण्यात गेलं," नाना म्हणाले. "आता मी ती लावणार. भाऊ म्हणतो, डोक्यावर पडलास."

निघायच्या दिवशी सकाळी फाटकाशी छोटा टेंपो उभा होता. सामान पुढे, मागे पेंढ्यावर बटू आणि त्याच्याजवळ खुर्ची टाकून नाना. शोभाताई ड्रायव्हरशेजारी बसणार होत्या. नानांनी खिशातून लाल मार्कर काढून माझ्या हातात दिला. "सेक्रेटरीबाई, हा ठेवा. टाकीला लागंल कधी. तिकडं मला काम नाय त्याचं." तवा चढवून आले होते, ते निमित्त करून वर पळाले. पुढचं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. नाना हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते.

"शोभा, जरा मागं ये. आज तू ठोक."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"ये तर."

शोभाताई टेंपोत चढल्या. बांगड्या मागे सारल्या, बोट वाकवलं. टक्, टक्, टक्, हळू आणि जरा घाबरत. सहानंतर थांबल्या. सातव्या खणावर आधी तळवा ठेवला, खळग्यावरून फिरवला. मग ठोकलं आणि कान लावला. नाना मुद्दाम दुसरीकडे, फाटकाजवळच्या लोखंडी कासवाकडे बघत होते. मग आठ, नऊ, दहा. तेरा.

शोभाताई पुटपुटल्या, "ओके."

"मोठ्यानं म्हण," नाना म्हणाले. "वर सेक्रेटरीबाईंच्या पोळ्या खोळंबल्यात."

शोभाताईंनी मान वर केली, माझ्या खिडकीकडे पाहिलं, आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ओके!"

मी पोळी तव्यावर टाकली. टेंपो सुरू झाला.